लिंकनचा मूळपुरुष



अब्राहम लिंकनचे चरित्र आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत असतानाच वाचलेले असते. केंटकीच्या रानातील ओंडक्यांच्या खोपटात १८०९ साली जन्मलेला मुलगा, चुलीच्या उजेडात वाचणारा, पुढे वकील झालेला, राष्ट्राध्यक्ष झालेला आणि १८६५ साली मारेकऱ्याच्या गोळीने गेलेला. या माणसाच्या आयुष्याचा दिवसन्‌दिवस इतिहासकारांनी लावून ठेवला आहे. परंतु स्वतः लिंकनला आपल्या खापरपणजोबांचे नावही ठाऊक नव्हते. आपले घराणे अमेरिकेत कोणी आणले, ते कोणत्या गावचे, कोणत्या धंद्याचे, हे न कळताच तो वारला. या प्रश्नाचे आधारासहित उत्तर छापून आले ते त्यानंतर बावीस वर्षांनी.

ते उत्तर कसे मिळाले, हा आजचा विषय आहे. तिकडच्या एका घराण्याची वंशावळ ऐकून आम्हांला काय मिळणार, असे कोणी विचारील. लिंकनचा शेवटचा प्रत्यक्ष वंशज १९८५ साली निवर्तला. तेव्हा कोणाच्या कुळाचा तोरा वाढविण्यासाठी ही चौकशी नाही. मला यात रस आहे तो वेगळ्या कारणाने. घरातील आठवण एक सांगते, सरकारी दप्तर दुसरे सांगते आणि गावातील कुजबुज तिसरेच सांगते, अशा वेळी शहाण्या माणसाने काय करावे, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडते. महाराष्ट्राला हा वाद नवा नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ साली आपल्या साधनांच्या पहिल्या खंडात बखरींतील घोटाळे दाखवून दिले, तेव्हापासून बखर आणि अस्सल कागद हा भेद आपल्या अंगवळणी पडला आहे. लिंकनच्या घराण्यात बखर होती ती तोंडी. कागद होते, पण ते चार राज्यांत आणि समुद्रापलीकडे एका इंग्रजी खेड्यात विखुरलेले होते.

प्रथम बखर काय म्हणते ते पाहू. १८४८ साली लिंकन प्रतिनिधिगृहाचा सभासद म्हणून वॉशिंग्टनला राहत होता. मॅसॅच्युसेट्समधील हिंगहॅम गावात त्याच आडनावाची पुष्कळ घरे होती. तेथील सॉलोमन लिंकन या गृहस्थांनी आपल्या गावाचा इतिहास लिहिला होता. त्यांनी या नव्या सभासदाला पत्र घालून विचारले, तुमचे मूळ कोठले? लिंकनने प्रामाणिक उत्तर दिले. वडिलांचे नाव थॉमस. आजोबांचे नाव माझेच, अब्राहम. ते व्हर्जिनियातील रॉकिंगहॅम काउंटीतून, म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारख्या एका विभागातून, १७८२च्या सुमारास केंटकीत आले आणि दोन वर्षांनी तेथल्या मूळ रहिवाशांच्या हातून मारले गेले. पणजोबा पेनसिल्व्हेनियातून व्हर्जिनियात आले आणि ते क्वेकर पंथाचे होते, अशी एक पुसट परंपरा आहे. त्यापलीकडे काही नाही. वडील सहाव्या वर्षी पोरके झाले, गरिबीत आणि नव्या मुलखात वाढले, लिहिण्यावाचण्यास मुकले. म्हणून घराण्याची माहिती आमच्यापर्यंत पोहोचली नसावी, असेही त्याने कळविले.

एवढ्यावर तो थांबला नाही. व्हर्जिनियाच्या एका माजी गव्हर्नरांकडे विचारपूस करून त्याने रॉकिंगहॅममधील डेव्हिड लिंकन नावाच्या वृद्ध गृहस्थांचा पत्ता लावला आणि त्यांना लिहिले. उत्तरावरून खात्री झाली की, डेव्हिडचे काका अब्राहम तेच आपले आजोबा. एक पायरी पक्की झाली. परंतु १८५९ साली निवडणुकीसाठी आपली हकीकत लिहून देताना त्याने स्पष्ट नमूद केले की, न्यू इंग्लंडच्या लिंकनांशी नाते जोडण्याच्या प्रयत्नातून ईनॉक, लेव्हाय, मॉर्डेकाय, सॉलोमन अशा नावांच्या सारखेपणापलीकडे काही हाती लागले नाही. येथे लिंकनमधला वकील दिसतो. ही सारी बायबलातील नावे. त्या काळच्या धार्मिक घरांतून ती सर्रास ठेवली जात. नाव जुळले म्हणून रक्त जुळले असे होत नाही. हिंगहॅमच्या पहिल्या वसाहतीत थॉमस लिंकन नावाची माणसे एकाच वेळी चार होती! गावकऱ्यांनी त्यांना धंद्यावरून ओळखायला सुरुवात केली: थॉमस गिरणीवाला, थॉमस पिंपे करणारा, थॉमस शेतकरी आणि थॉमस विणकर.

आता बखरीची एकेक कडी कागदाला लावून पाहू. पहिली कडी आजोबांच्या मृत्यूची. थॉमसचा जन्म १७७८चा आणि तो सहा वर्षांचा असताना बाप गेला, म्हणजे साल १७८४ येते. घरातली आठवण अगदी ठाम आहे. आजोबा रान तोडीत होते; झाडीतून गोळी आली; थोरला मुलगा मॉर्डेकाय खोपटाकडे धावला आणि प्रेताजवळ बसलेल्या लहानग्या थॉमसकडे येणाऱ्या हल्लेखोराला त्याने बंदुकीने टिपले. लिंकनने एका नातेवाइकाला लिहिले होते की, घरच्या सर्व कथांत हीच आपल्या मनावर सर्वांत खोल ठसली आहे. (ज्यांच्या शिकारीच्या रानात ही शेते उभी राहत होती त्या लोकांच्या घरी हीच गोष्ट निराळी सांगितली गेली असणार, हेही लक्षात ठेवले पाहिजे.) परंतु केंटकीच्या जमीनदप्तरात लाँग रन या ओढ्यावरील चारशे एकरांच्या मोजणीची नोंद आहे. तिची तारीख ७ मे १७८५. त्या मोजणीत झाडांवर सीमेच्या खुणा करणारा म्हणून खुद्द मालकाचे नाव आहे. १७८४ साली मेलेला माणूस १७८५ साली झाडावर कुऱ्हाडीची खूण करीत नाही. आज इतिहासकार मृत्यूचे साल १७८६ धरतात.

दोन वर्षांचा फरक, त्यात काय मोठे, असे वाटेल. पण साल ही नुसती आकड्याची बाब नसते. केंटकी तेव्हा व्हर्जिनियाचा भाग होती आणि तेथे मृत्युपत्र नसल्यास सारी जमीन थोरल्या मुलाला जाई. हा कायदा रद्द होऊन नवी व्यवस्था अमलात आली ती १ जानेवारी १७८७ रोजी. म्हणजे बाप आणखी काही महिने जगता, तर त्याच्या हजारो एकरांत थॉमसचाही वाटा पडता. थॉमस लिंकनला कष्टाची मजुरी करीत वाढावे लागले त्याचे एक कारण त्या तारखेत आहे. घरच्या आठवणीला गोळी आठवली, प्रेत आठवले, धाकट्या मुलाचे भय आठवले. कायदा आणि साल तिने टाकून दिले. आठवण खोटी नव्हती, पण तिला मोजणी येत नव्हती.

दुसरी कडी आडनावाची. याच जमिनीच्या कागदांत नाव 'लिंकन' नसून 'लिंकहॉर्न' असे आहे. तेवढ्या एका शब्दावरून काही जर्मन अमेरिकनांनी घराणे मुळात जर्मन असल्याचा दावा मांडला. हा अस्सल कागदच होता ना? होता, पण तो लिहिणारा कारकून कानाने ऐकेल तसे लिहीत होता आणि सांगणाऱ्याला बहुधा अक्षरांची फिकीर नव्हती. मॅरियन डेक्स्टर लर्नेड हे स्वतः जर्मन भाषेचे प्राध्यापक. त्यांनी १९०९ साली एक पुस्तकच लिहून घराणे इंग्रज असल्याचे दाखविले. स्वतःच्या विषयाचा अभिमान बाजूला ठेवून पुराव्यामागे जाणारा असा विद्वान पाहिला की बरे वाटते.

तिसरी कडी क्वेकर पंथाची. पेनसिल्व्हेनियातील बर्क्स काउंटीत लिंकनांचे शेजारी होते बून कुटुंब, प्रसिद्ध वनवीर डॅनियल बूनचे घराणे. ते क्वेकर होते. लिंकनच्या पणजोबांचा एक सावत्रभाऊ, त्याचेही नाव अब्राहमच, याने १७६० साली ॲन बूनशी लग्न केले. आणि पंथाबाहेर लग्न केले म्हणून ॲनला आपल्या क्वेकर सभेपुढे दिलगिरी व्यक्त करावी लागली. नवरामुलगा क्वेकर असता तर ही वेळ आली नसती. म्हणजे घरची परंपरा शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या आणि सोयरिकीच्या बाबतीत खरी, पण स्वतःच्या बाबतीत बहुधा चुकलेली. शेजारचा पंथ दोन पिढ्यांत आपला पंथ होऊन बसला.

येथवर आपण पेनसिल्व्हेनियापर्यंत आलो. आता खरी अडचण. पणजोबा जॉन लिंकन १७६८ साली व्हर्जिनियात गेले. पण त्यांचा बाप कोण? बर्क्स काउंटीत मॉर्डेकाय लिंकन नावाचा एक सधन गृहस्थ १७३६ साली वारला होता. त्याने तिथली जमीन दुसऱ्या बायकोच्या मुलांना दिली आणि जॉन नावाच्या मुलाला दूर न्यू जर्सीतील तीनशे एकर दिले. हा जॉन आणि व्हर्जिनियाचा जॉन एकच की दोन? चार थॉमसांचा अनुभव ध्यानात असणारा माणूस येथे घाई करणार नाही. उत्तर दिले ते एका खरेदीखताने. १७४८ साली पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर काउंटीत राहणाऱ्या जॉन लिंकनने न्यू जर्सीतील तीच तीनशे एकर जमीन विकली आणि खतात आपली ओळख मॉर्डेकायचा मुलगा व वारस अशी लिहून दिली. त्यामुळे बापाचा मुलगा निश्चित झाला, मुलाचे गाव निश्चित झाले आणि तेथून व्हर्जिनियापर्यंतची वाट मोकळी झाली. सॅम्युएल शॅकफर्ड या संशोधकाने १८८७ साली बॉस्टनच्या एका वंशेतिहासविषयक त्रैमासिकात हा वंश मांडला.

या खताचे मोल कशात आहे ते पाहा. ते लिहिणाऱ्यांच्या मनात वंशावळ नव्हतीच. घेणाऱ्याला जमिनीचा निर्वेध हक्क हवा होता, देणाऱ्याला पैसे हवे होते. बाप कोण हे लिहिले ते हक्क सिद्ध करण्यापुरते, आणि तेथे लबाडी केली असती तर खरा वारस कोर्टात उभा राहिला असता. आपल्याला जे हवे आहे ते ज्या कागदाने सहज, वाटेत जाता जाता सांगितले, त्याची साक्ष सर्वांत भारी. मोठेपणा सांगण्यासाठीच केलेली वंशावळ मात्र दोनदा तपासून घ्यावी.

पेनसिल्व्हेनियाचा मॉर्डेकाय मूळचा कोठला, हे शोधणे मग सोपे झाले. हिंगहॅमच्या दप्तरात १६८६ साली त्याचा जन्म नोंदलेला आहे. त्याचा बाप, त्याचेही नाव मॉर्डेकाय, लोखंडाच्या धंद्यातला. १७२७च्या मृत्युपत्रात त्याने मॉर्डेकाय आणि अब्राहम या दोन मुलांना रोख रक्कम ठेवली. हेच दोघे भाऊ न्यू जर्सीत दिसतात. थोरला पुढे पेनसिल्व्हेनियात लोखंडाच्या कारखान्यात भागीदार होतो. येथे केवळ नावे जुळत नाहीत. भावाभावांची जोडी जुळते, धंदा जुळतो आणि काळ जुळतो. लिंकनने १८५९ साली ज्या सारखेपणाला पुरावा मानण्याचे नाकारले होते, त्याच्याखाली आता पाया आला.

या थोरल्या मॉर्डेकायचा बाप सॅम्युएल लिंकन. हाच अमेरिकेत आलेला मूळपुरुष. राष्ट्राध्यक्ष लिंकन त्याच्यापासून सातव्या पिढीतला. एप्रिल १६३७ मध्ये इंग्लंडातील यार्मथ बंदरावर न्यू इंग्लंडला जाऊ इच्छिणाऱ्यांची जबानी घेतली गेली. नॉरिचचा विणकर फ्रान्सिस लॉझ, त्याची बायको, एक मूल आणि दोन चाकर. त्या चाकरांपैकी एक सॅम्युएल, वय १८. परंतु नॉर्फोकमधील हिंगहॅम गावच्या चर्चमध्ये सॅम्युएल लिंकनचा बाप्तिस्मा नोंदलेला आहे तो २४ ऑगस्ट १६२२ रोजी. त्या हिशेबाने बंदरावर उभा असलेला पोरगा पंधराही वर्षांचा नव्हता. दोन्ही कागद अस्सल आणि दोन्ही त्या त्या वेळचे! पण चर्चच्या पाद्र्याला बाप्तिस्म्याची तारीख बदलण्याचे कारण नव्हते. जहाजावर पाय ठेवू पाहणाऱ्या पोराला मात्र आपण मोठे आहोत असे सांगण्याची गरज असू शकत होती. म्हणून अभ्यासकांचा कल वय वाढवून सांगितले असावे असे मानण्याकडे आहे. म्हणजे अस्सल कागदही जेव्हा माणसाच्या तोंडून लिहिला जातो, तेव्हा त्यात त्या माणसाची गरज उतरलेली असते.

एवढ्या कोवळ्या वयात त्याने घर का सोडले? ली आणि हचिन्सन या दोघा संशोधकांनी इंग्लंडातील दप्तरे चाळून १९०९ साली त्याचे कारण पुढे आणले. सॅम्युएलचे आजोबा रिचर्ड लिंकन स्वॉन्टन मॉर्लीचे जमीनजुमलेवाले. त्यांनी चौथे लग्न केले आणि मृत्युपत्रात पहिल्या बायकोच्या मुलाला, म्हणजे सॅम्युएलच्या बापाला डावलून मालमत्ता धाकट्या बायकोच्या मुलांना दिली. वारसा तुटला म्हणून नातू विणकराच्या घरी उमेदवारीला लागला आणि उमेदवारीतूनच समुद्रापार गेला. सावत्रपणाची ही कहाणी ऐकताना ती परकी वाटत नाही.

आता शेवटचा आणि नाजूक भाग. बापाच्या बाजूला चूक झाली तर एक साल चुकते. आईच्या बाजूला चूक झाली की अब्रू जाते. लिंकनचे आईबाप, थॉमस आणि नॅन्सी हँक्स, यांचे लग्न झालेच नव्हते, अशी कुजबुज त्याच्या विरोधकांत होती. लग्नाची नोंद केंटकीच्या हार्डिन काउंटीत शोधली, कारण लग्नानंतर ते जोडपे तेथे राहत होते. तेथे सापडले ते थॉमसचे १८१९चे दुसरे लग्न. तेथील एका कारकुनाने १८६० साली या दुसऱ्या बायकोलाच लिंकनची आई समजून पत्र लिहिले, तेव्हा लिंकनला ते दुरुस्त करावे लागले. पहिल्या लग्नाचा कागद त्याच्या हयातीत निघाला नाही. तो निघाला १८७८ साली, शेजारच्या वॉशिंग्टन काउंटीच्या दप्तरात. १० जून १८०६चा जामीनखत आणि १२ जूनला जेसी हेड या धर्मोपदेशकाने लग्न लावल्याची नोंद! नॅन्सीचे पालक त्या काउंटीत राहत होते; लग्न मुलीकडे झाले होते. बहात्तर वर्षे कागद आपल्या जागी शांत पडून होता आणि लोक भलत्या कचेरीत शोधून एका बाईला नावे ठेवीत होते. नोंद सापडली नाही याचा अर्थ गोष्ट घडली नाही असा नव्हे. कोठे शोधले, हे आधी विचारावे.

पण नॅन्सीची आई कोण? लिंकनचा वकिलीतला भागीदार हर्नडन याने लिहून ठेवले की, १८५०च्या सुमारास गाडीतून जाताना लिंकनने त्याला सांगितले होते: आपली आई ल्यूसी हँक्सची विवाहापूर्वीची मुलगी, आणि तिचा बाप व्हर्जिनियाचा एक प्रतिष्ठित जमीनदार. हे छापून आल्यावर अनेकांना दुःख झाले. १८९९ साली कॅरोलाइन हँक्स हिचकॉक यांनी पुस्तक लिहून नॅन्सीला जोसेफ हँक्सची औरस मुलगी ठरविले. आधार होता जोसेफच्या १७९३च्या मृत्युपत्राचा. त्यात नॅन्सी नावाच्या मुलीला एक कालवड दिलेली आहे. कागद खरा होता. पण विल्यम बार्टन यांनी दाखविले की, ती नॅन्सी निराळी, लिंकनच्या आईची मावशी. सद्‌हेतूने वाचलेला खरा कागदही असा फसवतो. कारण हेतू चांगला असला तरी तो आधी ठरलेला होता.

ल्यूसीविषयी कागद काय सांगतात? १७८९ साली पंचांनी तिच्यावर बदवर्तनाचा ठपका ठेवला. आणि १७९० च्या एप्रिलमध्ये हेन्री स्पॅरोशी लग्नाचा परवाना काढताना तिने स्वतःच्या हाताने, अशुद्ध वर्णांत, लिहून दिले की, मी वयात आलेली आहे आणि माझी राजीखुशीने संमती आहे. त्या रानटी मुलखात, जेथे पुष्कळ पुरुष अंगठा उठवीत, तेथे ही बाई स्वतःचा निर्णय स्वतः लिहीत होती. पुढे तिने संसार केला, मुले वाढविली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आईकडून मुलीकडे जाणाऱ्या आनुवंशिक द्रव्याची स्त्रीवंशातील आजच्या वंशजांत तुलना केली गेली. तिचा निष्कर्ष ल्यूसी ही जोसेफ हँक्सच्या पत्नीची मुलगी असल्याच्या बाजूने पडला. आजीचे माहेर शिप्ली घराणे असल्याची दुसरी परंपरा त्याने मोडीत काढली. नॅन्सीच्या बापाचे नाव मात्र कोणत्याही कागदाने सांगितलेले नाही. तेथे रिकामी जागा ठेवणे हेच प्रामाणिकपणाचे.

श्रोतेहो, या सर्वांतून मला एवढेच सांगायचे आहे की, कागद की आठवण, असा एकदाच कौल लावून भागत नाही. प्रत्येक साक्षीदाराला तीन प्रश्न विचारावेत: तू हे केव्हा सांगितलेस, कोणासाठी सांगितलेस, आणि निराळे सांगण्यात तुझा काय फायदा होता? या प्रश्नांपुढे घरची गोष्ट सालात चुकली, पण दिशेत चुकली नाही. जमिनीच्या दप्तराने आडनाव बिघडवले, पण साल वाचविले. बंदरावरच्या यादीने वय बिघडवले, पण माणूस पोहोचविला.

आपल्याकडेही कुलवृत्तांत छापले जातात, आणि ते छापले जावेत. फक्त मूळपुरुष राजदरबारी सरदार होता असे जेथे लिहिलेले असेल, तेथे हेच तीन प्रश्न विचारावेत. आणि एखाद्या आजीचे नाव जेथे गाळलेले असेल, तेथे ते का गाळले हा चौथा विचारावा. लिंकनच्या शोधात शेवटी मिळाला तो वारसा तुटलेला एक विणकराचा चाकर आणि गावाने नावे ठेवलेली एक बाई. या दोघांमुळे लिंकन लहान झाला असे जगात कोणाला वाटत नाही. मग आपल्या पूर्वजांविषयी खरे ऐकायला आपण का भ्यावे?